क्रीडांगण कोणासाठीं?

वर्तमानपत्र हातीं येतांच प्रथम खेळाचें पान उघडणारे कांहीं लोक असतात. मीही त्यांतलाच एक आहें. मात्र तेथील छायाचित्र पाहतांना माझी दृष्टि खेळाडूवरून सरकून मागील सज्जांकडे जाते. सामना कोणी जिंकला हें बातमी सांगते. तो पाहावयास कोणाला जागा मिळाली, हें वास्तूच सांगते.

मुंबईचेंच उदाहरण घेऊं. भारतांतील पहिला कसोटी सामना १९३३ सालीं मुंबई जिमखान्याच्या मैदानावर झाला. पुढें बॅकबे येथें भर घालून मिळविलेल्या जमिनीवर १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें. तें क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचें. क्लबाच्या सभासदांसाठीं तेथें ऐसपैस सज्जे आहेत. त्यांत बसून निवांतपणें खेळ पाहावा. यांत गैर कांहींच नाहीं. घर ज्याचें, ओसरीही त्याचीच! परंतु खेळ साऱ्या शहराचा आणि घर मात्र एका क्लबाचें, असें झालें म्हणजे खटका उडणारच. कसोटी सामन्यांच्या जागांच्या वांटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यांत वाद माजला. अखेर असोसिएशननें चर्चगेट स्थानकाच्या उत्तरेस स्वतःचेंच स्टेडियम बांधलें. आपले अध्यक्ष शेषराव वानखेडे यांचें नांव त्याला दिलें. तेथें जानेवारी १९७५ मध्यें वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. हांकेच्या अंतरावर दोन स्टेडियमें कशीं, या कोड्याचें उत्तर खुर्च्यांच्या हिशेबांत आहे.

तो हिशेब पुढेंही सुटला नाहीं. २०११ च्या विश्वचषकासाठीं वानखेडे स्टेडियमची पुनर्रचना झाली. नवें छप्पर आलें, आसनें सुखावह झालीं. पण जागा पूर्वींपेक्षां घटून सुमारें ३३,००० वर आल्या. बसणाऱ्याची सोय वाढली, आणि बाहेर राहणाऱ्यांची संख्याही वाढली.

अशा बाहेरच्यांना आंत नेण्याचें काम १९३० नंतरच्या दशकांत एका आवाजानें केलें. ब्रेबोर्नवरून बॉबी तल्यारखान इंग्रजींतून समालोचन करूं लागले, कीं घरोघर रेडिओभोंवतीं माणसें जमत. ध्वनीला भिंती अडवीत नाहींत, आणि तिकीटही लागत नाहीं.

या दोन्ही स्टेडियमांपासून थोड्याच अंतरावर ओव्हल मैदान आहे. एका बाजूस हायकोर्ट व विद्यापीठ यांच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूस आर्ट डेको पद्धतीचीं घरें. २०१८ सालीं या वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला. मध्यें एकाच वेळीं अनेक डाव चाललेले असतात. कचेरींतून परतणारा माणूस क्षणभर थांबतो, एक षटक पाहतो आणि गाडी पकडावयास निघतो. त्याला कोणी विचारीत नाहीं, कीं तुमची जागा कोठली?

नवें क्रीडांगण बांधणाऱ्यांनीं आराखड्यावर रेघ ओढण्यापूर्वीं त्या माणसाची एकवार आठवण करावी, एवढेंच माझें मागणें आहे.