ओल्या लाकडाचा बाजार

सागावर लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. बल्लारशाचा डेपो, आलापल्लीची जुनी झाडं, अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वाजतगाजत निघालेलं सागवान, यावर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितोच. जळाऊ लाकडाच्या वाट्याला मात्र दिवाळी अंकाचं पान येत नाही. ज्या सरपणावर पिढ्यान्‌पिढ्या भात शिजला आणि अंघोळीचं पाणी तापलं, त्याच्या धंद्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. आयुष्य लाकडाच्या वखारीत गेल्यामुळे तो मीच मांडतो.

इतिहास उरकून टाकतो. इंग्रजी अमदानीत कूप ठेकेदाराचा आणि घाम आदिवासींचा. १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी लढा दिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो आला आहे, तिथेच वाचावा. १९४७ पासून जंगल कामगार सहकारी सोसायट्या आल्या. १९६४ चा वृक्षतोड कायदा आला आणि त्याच्या यादीत साग, खैर, चंदनाबरोबर आमचे ऐन, किंजळ, आंबा, फणसही बसले. १९७४ साली वन विकास महामंडळ झालं. १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आरागिरण्यांना चाप बसला. अर्जांचे नमुने आणि वाहतुकीचे पास यांत मी शाई घालवत नाही. एवढंच सांगतो, की यादीतलं झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असलं तरी परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावू नका; आणि झाड यादीत आहे की नाही, हे ठेकेदाराला विचारू नका.

आता हत्यारं. चेनसॉच्या साखळीची गोष्ट मला फार आवडते. ओरेगॉनमधला जो कॉक्स १९४६ साली लाकूड पोखरणारी एक अळी निरखत बसला होता. ती डावीउजवीकडे कुरतडत पुढे सरकत होती. त्याने साखळीचे दात त्याच बेताने घडवले. आजही साखळीत एक दात डावा, एक उजवा असतो, तो त्या अळीच्या कृपेने. कृषी प्रदर्शनातले विक्रेते अश्वशक्ती सांगतात, दातांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. खरं काम दातच करतात. धार असलेलं मशीन लाकडाच्या बारीक ढलप्या फेकतं. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा आणि गोल कानस घ्या. कानस एकाच दिशेने फिरवायची आणि प्रत्येक दाताला सारखेच हात द्यायचे. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागू देऊ नका. मशीन उसळून थेट तोंडावर येतं.

झाड पाडताना ते ज्या बाजूला पडायला हवं त्या बाजूला आधी खाच घ्यावी, बुंध्याच्या व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर. दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढं लाकूड सलग राखायचं. ही झाडाची बिजागरी. तिच्यावर झाड सावकाश कलतं. घाईत तीच कापून टाकली, की झाड कुठे जाईल ते देवच जाणे. मागे तिरकी पळवाट आधी साफ करून ठेवावी. झाड हलायला लागल्यावर वाट शोधायला वेळ नसतो.

पण झाड पडलं म्हणजे काम संपलं, असं मानणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. माझा जीव मागे राहिलेल्या खोडात. ऐन, किंजळ, निलगिरी, गिरिपुष्प ही झाडं नीट तोडली तर मरत नाहीत, खोडातून पुन्हा फुटतात. सुरूचा भरवसा नाही, जुन्या बाभळीचाही नाही. तोड पानगळीनंतर, माघ-फाल्गुनात व्हावी. तेव्हा झाडाची पुंजी मुळांत असते आणि पावसाबरोबर फुटवा जोरात येतो. काप जमिनीपासून वीतभरापेक्षा वर नको आणि तिरका हवा, म्हणजे पाणी साचून खोड कुजत नाही. आमच्याकडचे जुने मुकादम प्रत्येक खोडावर तळहात फिरवत. कुठे खळगा लागला किंवा साल खोडापासून सुटलेली दिसली, की तोडणाऱ्याला परत बोलावून काप साफ करून घेत. वर्षभराने फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवायचे, बाकीचे काढायचे. मग बारा-पंधरा वर्षं तिकडे फिरकायचं नाही. एकाच मुळावर आजोबा, बाप आणि नातू यांनी सरपण घेतलेली रानं मी पाहिली आहेत. आमचे काही अभ्यासू मित्र सह्याद्रीत तोडच नको म्हणतात. त्यांना माझं सांगणं असं, की ज्या रानातून मालकाला दमडी मिळत नाही, ते रान प्लॉट पाडणाऱ्याच्या हाती जातं आणि तिथे मग मूळही उरत नाही.

हे सगळं बिघडलं कशाने? मशीनने, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. बिघडलं ते वजनकाट्याने. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. नीट वाळलेल्या लाकडात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. वाळलेलं लाकूड किलोमागे ३५०० किलोकॅलरीच्या घरात उष्णता देतं, ओलं कसंबसं २०००. कारण आतलं प्रत्येक किलो पाणी तापवून वाफ करण्यातच ६०० हून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात. तरी दोन्हींचा भाव किलोवरच. मग ठेकेदार लाकूड वाळवेल कशाला? जितके दिवस थांबेल तितका त्याचा तोटा. म्हणून तो दिवाळी सरताच रानात शिरतो, दिसेल ते मनगटाएवढं झाड कापतो आणि संध्याकाळी ट्रक भरतो. पंधरा वर्षांची पाळी सहा-सातवर आली ती यामुळे. खोडाचे हाल आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतला धूर, दोन्हींचं मूळ एकच.

यावर मी जन्मभर एकच उपाय सांगत आलो: फोडलेलं, वाळलेलं लाकूड रचून मापाने विकावं. वनखात्याच्या डेपोत जळाऊ लाकडाचे बीट, म्हणजे ठरल्या मापाचे ढीग, रचतात, तेच तत्त्व. लाकूड ओलं असतानाच घण आणि पाचर घालून फोडावं. तेव्हा ते सहज फुटतं आणि फोडलेलं लवकर वाळतं. खाली दोन ओंडके आडवे टाकून त्यावर थर रचावेत, वर पत्रा, चारी बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळाल तर बुरशी विकाल. माघात फोडलेलं लाकूड मिरगाच्या आधी आत घ्यावं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: टणत्कार आला तर वाळलं, थपकन वाजलं तर नाही. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी हे मांडलं, तेव्हा ‘काका, पाणीच तर आपला नफा’ असं एकाने तोंडावर सांगितलं. निदान तो खरं बोलला.

सुबाभळीबद्दल दोन शब्द. सत्तरच्या दशकात मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ने तिचा प्रसार केला, तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, पुढे १९८८ च्या सुमारास कीड आली आणि तेच लोक तिला तण म्हणू लागले. शेंगा धरण्याआधी तोडत राहिलं, तर बांधावर तिच्याइतकं कामाचं सरपण थोडंच. तोडायचा आळस केला, तर मात्र ती रान व्यापते. यात दोष कुणाचा?

आता गॅस आला, ‘उज्ज्वला’ आली, माउलीच्या डोळ्यांतला धूर कमी झाला. याचा आनंदच आहे. पण लाकूड संपलेलं नाही. वीटभट्ट्या, बॉयलर, स्मशानं त्यावर चालतात. एका अंत्यविधीला साधारण ३०० किलो लाकूड लागतं आणि ते ओलं निघालं, की दुःखातल्या माणसांना रॉकेलची धावाधाव करावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिन्यांची मुदत दिली. निकालाबद्दल तक्रार नाही. मात्र कित्येक भट्ट्यांत जळत होतं ते मोडक्या फर्निचरचं आणि प्लायवुडचं भंगार. वाळलेल्या ऐनाची ढलपी आणि रंग लावलेली फळी यांतला फरक बाजाराने केला नाही, तेव्हा कायद्याने तरी का करावा?

म्हणून वाचकांना, हॉटेलवाल्यांना आणि नगरपालिकांच्या टेंडर लिहिणाऱ्यांना सांगणं एकच. पुढच्या पावसाळ्याचं लाकूड होळीपूर्वी मागवा, फोडून रचलेलं मागवा आणि पैसे मापाने द्या. गिऱ्हाईक पाण्याचे पैसे द्यायचं थांबलं, की ठेकेदार आपोआप फाल्गुनाची वाट पाहायला शिकेल.