रेषांचा चेहरा

भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. सभोवार घनदाट अरण्य आणि त्यात माडिया गोंडांची लहान लहान गावे आहेत. हा मुलूख 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. आता तो गडचिरोली जिल्ह्यात आहे. माडिया भाषेचे नाते मराठीशी नसून तेलुगूसारख्या द्राविडी भाषांशी आहे. त्यामुळे येथील मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत दुसरीच शिकते.

येथील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर व गालांवर गोंदणाच्या रेषा दिसतात. मृत्यूनंतर सारे दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी गोंडांची समजूत आहे. शाळेत जाणाऱ्या मुली मात्र आता क्वचितच गोंदून घेतात. आजी आणि नात यांचे चेहरे शेजारी शेजारी पाहिले, की एकाच घरातील दोन काळ दिसू लागतात. हे चित्रात कसे आणावे?

त्यासाठी महागडे रंग लागत नाहीत. दप्तरातील बॉलपेन पुरते. या पेनचा जनक लास्लो बिरो हा हंगेरीतील पत्रकार होता. छापखान्याची दाट शाई लवकर वाळते, हे त्याने पाहिले. पण ती टाकातून उतरेना. म्हणून त्याने टोकाशी एक फिरती गोळी बसविली. 1938 साली त्याने या शोधाचे पेटंट घेतले. पुढे ज्यूंवरील जुलमामुळे त्याला देश सोडावा लागला आणि तो अर्जेंटिनात स्थायिक झाला. ज्या पेनने आपण सहज नाव लिहितो, त्याच्या कर्त्यालाच दोन देश होते!

तोयीन ओजी ओदुतोला ही चित्रकर्ती 1985 साली नायजेरियात जन्मली. आई इग्बो, वडील योरुबा. नावात दोन्ही घराणी आहेत. बालपणीच ती अमेरिकेत गेली आणि अलाबामा राज्यात वाढली. कातडीच्या रंगावरून काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळाही एके काळी वेगळ्या ठेवणारे हे राज्य. तिने काळ्या बॉलपेनने माणसांचे चेहरे काढले. त्यांतील कातडी म्हणजे नुसता काळा रंग नव्हे. असंख्य बारीक रेघा नदीच्या प्रवाहासारख्या गालावरून, मानेवरून वळत जातात. थरावर थर चढला की शाईला तांबूस, निळसर झाक येते. ज्याला जग एकच रंग म्हणते, त्यात किती रंग दडलेले असतात, हे त्या चेहऱ्यांकडे पाहून कळते.

ही रीत अवघड नाही, पण चिकाटीची आहे. बॉलपेनची रेघ पुसता येत नाही. म्हणून आरंभी हात अगदी हलका ठेवावा. नाकाचा शेंडा किंवा कपाळाचा उंचवटा उजळ हवा असेल, तर तेथील कागद कोराच सोडावा. सावलीच्या जागी आडव्यातिडव्या रेघा दाट कराव्यात आणि टोकाशी जमणारा शाईचा थेंब मधून मधून चिंधीने टिपावा.

नातीचा चेहरा अशा रीतीने साधतो. आजीचा चेहरा अधिक कठीण. कारण तेथे कातडीही रेषांची आणि गोंदणही रेषांचेच. गोंदण ठसठशीत उमटावे म्हणून गालाची छटा एक थर कमीच ठेवावी लागते. नाही तर ते कातडीत बुडून जाते.