घणसोलीच्या गॅलरीत घडलेली मोटारसायकल

विहारातल्या बुद्धमूर्तीला आपण वंदन करतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत रथावर बाबासाहेबांचा पुतळा असतो. आजकाल हे पुतळे पुष्कळदा फायबरचे असतात. पण हे फायबर बनते कसे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडतो? घणसोलीतल्या आमच्या शेजारच्या मुलाला तो पडला. मुलगा आयटीआय फिटर. मित्राबरोबर एकदा मूर्तीच्या कारखान्यात गेला आणि परत आला तो एकच ध्यास घेऊन. घरच्या जुन्या बुलेटला साच्यातून काढलेले नवे अंग चढवायचे, आणि इंजिनाला टर्बो बसवायचा! त्याची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, "भाऊ, तुम्हीच समजवा ह्याला. ह्याच्या वडिलांच्या फंडाचे पैसे भंगारात चाललेत."

वाचकहो, आम्ही समजवायला गेलो आणि स्वतःच बरेच काही शिकून आलो.

पहिला आकार त्याने थर्माकोल कोरून केला होता. दिसायला सुरेख. पण त्यावर पॉलिएस्टर रेझीन लावताच थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळला, कारण रेझीनमधले स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकते. दुसऱ्या वेळी त्याने थर्माकोलवर प्लास्टरचा जाड लेप दिला, तो पाण्याच्या पॉलिशपेपरने घासला आणि वरून मेण चढवले. या आकारावरून साचा निघतो आणि साच्यातून वस्तू. साच्यात काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, ब्रशने रेझीन पाजायचे, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, मग दुसरा थर. एक बुडबुडा राहिला तरी पुढे तिथेच तडा जातो. पावसाळ्यात तर खाडीवरच्या दमट हवेने चटई ओल धरते आणि थर नीट बसत नाहीत. जून ते सप्टेंबर त्याचे काम जवळजवळ बंदच होते.

या कामात धोका आहे, तो घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा. रेझीन घट्ट होण्यासाठी कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन द्रव्ये लागतात. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे, मगच हार्डनर घालायचे. ही दोन द्रव्ये थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो, स्फोटही होतो. त्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवू नयेत, आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नव्हे. घासताना उडणारी काचेची भुकटी छातीत जाते, अंगाला खाज सुटते. मास्क हवाच, आणि ते कपडे वेगळे धुवावेत. या मुलाने सुरुवात गॅलरीत केली होती. वासाने शेजारी हैराण झाले तेव्हा ओळखीच्या गॅरेजमागे जागा मिळाली. आमच्या मते हे आधीच व्हायला हवे होते.

मडगार्ड, बाजूची झाकणे आणि सीटमागचा भाग उत्तम निघाले. पेट्रोलची टाकीही फायबरची करायची म्हणत होता. तिथे मात्र त्याच्या उस्तादाने हात धरला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि साध्या पॉलिएस्टर रेझीनला ते मऊ करते. टाकी पत्र्याचीच राहिली.

खरा वाद टर्बोचा. भंगारातून त्याने डिझेल मोटारीचा छोटा टर्बो आणला. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, त्याबरोबर जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, त्यामुळे त्याला दाबाखालचे तेल अखंड लागते. जुन्या बुलेटचा तेलपंप तेवढ्या ताकदीचा नाही. शिवाय एकच सिलिंडर, तो दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतो. म्हणून दाबलेली हवा साठवायला मध्ये डबा लागतो. पेट्रोल कमी पडले किंवा ठिणगी लवकर पडली की इंजिन ठोके देते आणि पिस्टनला भोक पडते. अठरा अश्वशक्तीच्या इंजिनावर हा भार टाकायचा कशाला?

न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरातले जॉन ब्रिटन यांची गोष्ट आम्ही त्याला सांगितली. जन्म १९५० चा. वाचन-लेखनाची त्यांना जन्मजात अडचण होती. घरामागच्या शेडमध्ये मित्रांना घेऊन, तारा आणि गरम गोंद यांनी आकार उभा करून, त्यांनी कार्बन फायबरची मोटारसायकल घडवली. चाकेसुद्धा कार्बनची, इंजिनही स्वतःचेच. १९९२ साली अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीत ती पुढे असताना बिघाडाने थांबली, १९९४ साली तिथेच जिंकली. ब्रिटन १९९५ साली कर्करोगाने गेले. अशा अवघ्या दहा गाड्या बनल्या. त्यांतली एक वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या गाडीला टर्बो नव्हता. वजन सुमारे १३८ किलो आणि ताकद १६० अश्वशक्तीहून अधिक! मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने जुने लोखंडी मडगार्ड आणि स्वतःचे फायबरचे मडगार्ड दोन हातांत तोलून पाहिले.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचेही भांडण. म्हणजे टर्बो लावलेली बुलेट पाम बीच रोडवर फिरवण्याचे स्वप्न सोडावेच लागेल. स्वतः गाड्या बनवून विकायच्या असतील तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुन्याची चाचणी करून घ्यावी लागते, आणि ते एकट्यादुकट्याच्या खिशाचे काम नाही.

तरीही त्या आईला आम्ही "बंद करा हे" असे सांगितले नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षण मागितले होते. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत त्यांना अप्रेंटिस म्हणून घ्यावे, अशी ती मागणी होती. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या झाडू आणि मेलेली ढोरे आली, त्यांच्या हाती यंत्र यावे म्हणून त्यांनी सरकारदरबारी भांडण केले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आपली कितीतरी माणसे हेल्पर म्हणून लागली आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाली. या मुलाचे वडील त्यांतलेच. साचा काढण्याची कला ज्याच्या हाती आहे त्याला पाण्याच्या टाक्या, पत्रे, बसच्या सीटा, पुतळे असे कुठलेही काम करता येते. आमची एकच विनंती होती: फंडाला यापुढे हात नको, खर्चाची वही ठेव.

टर्बो सध्या गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली आहे. एखाद्या बंदिस्त मैदानावर, दुसऱ्या इंजिनावर तो चालवून पाहीनच, असे मुलगा म्हणतो. आम्ही त्यावर काही बोललो नाही. गेल्या रविवारी शेजारच्या गॅरेजवाल्याने त्याचे मडगार्ड उलटसुलट करून पाहिले आणि तसलेच चार नग मागितले. वडील इतका वेळ पेपर वाचत होते. पेपर बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "एक नग काढायला तुला खर्च किती येतो रे?" मुलगा वही आणायला आत गेला.