डोंगरातले पाणी बाटलीत: लेबल वाचा, मगच विकत घ्या

हॉटेलच्या टेबलावर किंवा सुपरमार्केटच्या शेल्फवर बर्फाच्छादित डोंगराचे चित्र असलेली पाण्याची बाटली आपण पाहतो. किंमत साध्या बाटलीच्या कित्येक पट! मग या पाण्यात असे काय आहे? फ्रान्सच्या प्रसिद्ध ‘एव्हियन’चेच उदाहरण घेऊ.

खडक ठरवतो चव

आल्प्स पर्वतावर पडलेला पाऊस आणि बर्फ हिमनदीने साठवलेल्या वाळू-मातीच्या थरांतून झिरपत खाली येतो. या प्रवासाला १५ वर्षांहून अधिक काळ लागतो, असे कंपनी सांगते. वाटेत खडकांतले क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून दर लिटरमागे सुमारे ८० मिलीग्रॅम कॅल्शियम, २६ मिलीग्रॅम मॅग्नेशियम आणि ३६० मिलीग्रॅम बायकार्बोनेट मिळते. सोडियम मात्र जेमतेम ६.५ मिलीग्रॅम.

फ्रान्सचेच ‘व्होल्विक’ ज्वालामुखीच्या खडकांतून येते. त्यात कॅल्शियम फक्त १२ मिलीग्रॅमच्या आसपास, त्यामुळे ते जिभेला हलके लागते. दोन्ही पाणी शुद्धच, पण स्वभाव वेगळा.

स्वयंपाकघरातला फरक

कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेले पाणी म्हणजे आपल्या भाषेत जड पाणी. ते उकळले की किटलीत पांढरा थर बसतो, चहावर साय आल्यासारखा पातळ पापुद्रा दिसतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो. म्हणजे महागडे पाणी प्यायला छान असले, तरी वरणासाठी चांगले असेलच असे नाही!

आरोग्याला किती फायदा?

प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. दोन लिटर एव्हियनमधून मिळते १६० मिलीग्रॅम. एक कप गायीच्या दुधात याहून जास्त असते. नाचणी आणि तीळही आहेतच. त्यामुळे हाडे मजबूत करण्यासाठी महागडी बाटली घेण्याची गरज नाही.

लेबलवर काय पाहाल?

● ‘नॅचरल मिनरल वॉटर’ म्हणजे ठरावीक स्रोताचे, मूळ क्षार न बदलता भरलेले पाणी. भारतीय मानक: आयएस १३४२८.

● ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ बोअरवेलचे किंवा नळाचेही असू शकते. ते शुद्ध केलेले असते, कधी त्यात क्षार वरून मिसळतात. मानक: आयएस १४५४३.

● कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे आकडे आणि शेवटची तारीख तपासा. सील तुटलेले असेल तर बाटली परत करा.

● बाटली उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका.

● तान्ह्या बाळाची पावडर कालवायची असेल किंवा घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर कोणते पाणी वापरावे हे डॉक्टरांना विचारा.

चव आवडली तर कधीतरी ही बाटली जरूर घ्या. पण रोजच्या तहानेसाठी घरचे स्वच्छ, सुरक्षित पाणी पुरेसे आहे. वाचलेल्या पैशांत मुलांसाठी दूध आणि फळे आणता येतील.