कॅसेटमधली हळद



गटाच्या मागच्या बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, तुमची आवडती कॅसेट कोणती? १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणाचे बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, पुढे गावोगाव कार्यक्रम केले. कुणी त्या कार्यक्रमाची सांगितली, कुणी भीमसेन जोशींच्या अभंगांची. एकीच्या कॉलेजातल्या मुलीनं मात्र ‘लाइव्ह ॲट लीड्स’ म्हटलं. इंग्लंडच्या ‘द हू’ या रॉक बँडनं १९७० साली लीड्सच्या विद्यापीठात कार्यक्रम केला, त्याचं हे रेकॉर्डिंग. त्या तबकडीवरच लिहिलं होतं, की खरखर आहे ती राहू द्या, दुरुस्त करू नका.

आम्हाला हसू आलं, पण मुद्दा पटला. स्टुडिओत चूक झाली तर पुन्हा गाता येतं. लोकांसमोर गाताना तसं नसतं. टाळ्या, खोकला, मध्येच रडणारं पोर, सगळं टेपवर उतरतं. म्हणून असं रेकॉर्डिंग लावलं की गाण्याबरोबर ती जागा आणि ती माणसंही परत येतात.

आमच्याकडेही अशी एक कॅसेट आहे. भिवंडी तालुक्यातल्या आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि तिच्या गाण्याबरोबर एकेक विधी पुढे सरकतो. एका हळदीच्या रात्री कुणीतरी मांडवात टेपरेकॉर्डर ठेवला होता. धवले ऐकू येतात, बायकांचं हसणं ऐकू येतं, लांबून यंत्रमागांची खडखडही येते. ती धवलारीण आता नाही. सगळे धवले पाठ असलेली दुसरी बाई आमच्या गावात उरली नाही. आणि त्या कॅसेटची दुसरी बाजू घरच्याच पोरानं सिनेमाची गाणी भरून पुसून टाकली. निम्मे धवले गेले ते गेलेच.

हे टाळता आलं असतं. कॅसेटच्या वरच्या कडेला, दोन टोकांना, प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. कॅसेट दमट जागी ठेवू नका. फितीवर बुरशी दिसली तर लावून बघू नका, फीत तुटेल. आधी जाणकाराला दाखवा. कॅसेट चांगली असेल तर शांत खोलीत लावा आणि मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा. कुणाचं लग्न, कोणतं गाव, कोण गातंय, हे सुरुवातीलाच बोलून ठेवा. मग दोन-तीन जणींच्या मोबाईलवर पाठवा, म्हणजे एक फोन बिघडला तरी गाणं उरेल.

हे काम लहान नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी साथीदारांबरोबर महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या तुमच्या-आमच्यासारख्या बायकांच्याच तोंडच्या.

आम्ही उरलेली बाजू मोबाईलवर घेतली. यंत्रमागांची खडखड तशीच ठेवली. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी कॅसेट असेल तर या आठवड्यात काढा. आणि गाणारी आजी अजून घरात असेल, तर कॅसेट नंतर बघा, आधी तिच्याजवळ बसा.