गाजरगवत : आपल्या शिवारातील परका शत्रू

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील आपली शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावरची. मृग बरसला की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत बांध, रस्त्याच्या कडा व पडीक राने हिरवीगार होतात. परंतु त्यातील बरीच हिरवळ फसवी असते. गाजराच्या पाल्यासारखी पाने आणि बारीक पांढरी फुले यांवरून गाजरगवत सहज ओळखू येते. काँग्रेस गवत ते हेच.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. १९५५ च्या सुमारास पुण्यात ती वनस्पतिशास्त्रज्ञांच्या विशेष नजरेस आली. परदेशी गव्हाबरोबर ती आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे वाहने, वाहते पाणी आणि धान्याची पोती यांच्याबरोबर ती देशभर पसरली. एकेका झाडाला हजारो बिया येतात व त्या जमिनीत कित्येक वर्षे टिकतात.

तिच्या अंगातील विषारी द्रव्ये जमिनीत उतरून शेजारच्या पिकाची उगवण व वाढ खुंटवितात. गायरानात ती माजली की चाऱ्याचे गवत हटते. वैरणीच्या टंचाईत जनावराने ती खाल्ली, तर दूध कडवट होते. माणसालाही तिच्या स्पर्शाने खाज व इसब, तर परागांमुळे दम्याचा त्रास होऊ शकतो.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधले आहेत. मेक्सिकोतून आणलेले भुंगे १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आले. ते या गवताची पाने फस्त करतात. मात्र त्यांचा जोर पावसाळ्यातच असतो, कोरड्या दिवसांत ते मातीत दडून बसतात. मोकळ्या जागी तरोट्याचे बी फेकल्यासही हे गवत काहीसे दबते.

तरीही खरा उपाय आपल्याच हाती आहे. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना ते मुळासकट उपटावे. हातांत मोजे किंवा निदान फडके असावे. फुलावर न आलेल्या झाडांचे खतही होते.

पण एकाने आपले शेत खुरपावे आणि गायरान, शाळेचे आवार, विहिरीचा काठ मात्र तसाच सोडावा, तर पुढील साली बी पुन्हा शेतात हजर! जी जागा कोणा एकाची नाही, तीच या शत्रूचे माहेर. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी गावाने एक दिवस ठरवून घराघरांतून माणूस बाहेर काढावा. विहीर बांधणे हे जसे पुण्यकर्म, तसेच गावची जमीन निर्वेध राखणे हेही आहे.