पायाचा आजार आणि मनाचा कायदा

इंग्लंड-वेल्समधील मनोरुग्णाच्या खाटेपाशी उभ्या राहणाऱ्या डॉक्टरापुढे दोन कायदे असतात: एक १९८३चा मानसिक आरोग्य कायदा, जो रुग्णाची निर्णयक्षमता शाबूत असली तरी त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला इस्पितळात ठेवण्याची आणि त्याच्या मनोविकारावर उपचार करण्याची मुभा देतो, आणि दुसरा २००५चा मानसिक क्षमता कायदा, जो प्रत्येक प्रौढ मनुष्य समर्थच आहे असे गृहीत धरतो आणि त्या विशिष्ट प्रश्नापुरते असामर्थ्य सिद्ध झाल्यावरच त्याच्या हिताचा निर्णय इतरांना घेऊ देतो. या दोहोंतील निवड शिकविताना कलमे आणि मुदती घोकून घेण्याकडे ओढा असतो. परंतु १९८३च्या कायद्याच्या कलम २ची २८ दिवसांची मुदत तोंडपाठ असलेला मनुष्यही ऐन प्रसंगी चुकतो, कारण रुग्णाला कोणता आजार आहे एवढेच तो पाहतो, उपचार कशावर करावयाचा हे पाहत नाही.

ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्ताच्या इस्पितळातील ६८ वर्षांच्या एका रुग्णाचा १९९३ सालचा खटला या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. आपण जगद्विख्यात वैद्य आहोत अशा भ्रमात वावरणाऱ्या या स्किझोफ्रेनियाग्रस्त गृहस्थाच्या पायाला गँगरीन झाले, आणि पाय न कापल्यास जगण्याची आशा १५ टक्क्यांहून अधिक नाही असे शल्यविशारदाने सांगितले, तरी त्याने नकार दिला; न्यायमूर्ती थॉर्प यांनी, धोका त्याला समजला आहे आणि तोलताही आला आहे असे ठरवून, त्याच्या लेखी संमतीवाचून पाय कापण्यास मनाई केली. मनोविकारासाठी डांबलेल्या मनुष्याच्या पायावर मनाच्या कायद्याचा अंमल चालत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? (उपासमार हाच मनोविकाराचा परिणाम असेल तर मात्र नळीने अन्न देणे हाही त्या विकारावरचाच उपचार ठरतो, हे क्रॉयडनच्या खटल्यात ठरले.)

बोर्नवूड इस्पितळातील प्रकरण याच्या उलट टोकाचे. १९९७ साली तेथे आणलेल्या, बोलू न शकणाऱ्या स्वमग्न रुग्णाने विरोध केला नाही, म्हणून कोणत्याही हुकुमाविना त्याला महिनोन्‌महिने ठेवून घेतले गेले. हे बेकायदा स्वातंत्र्यहरण होय, असा निकाल स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ साली दिला, आणि त्यातूनच २००९ साली क्षमता कायद्यात अशा स्वातंत्र्यहरणासाठी संरक्षक तजवीज आली.

तथापि, निर्णयक्षमता नसलेला रुग्ण मनोविकाराच्या उपचारासाठी इस्पितळात राहण्यास हरकत घेत असेल, आणि १९८३च्या कायद्यान्वये त्याला ठेवता येण्यासारखे असेल, तर ही तजवीज सामान्यतः उपलब्ध नसते. कोणता कायदा लावायचा हे अशा हरकतीवर ठरते, म्हणून प्रशिक्षणाचा खरा कस वॉर्डातील नोंदवहीत लागतो: स्मृतिभ्रंश झालेली एखादी वृद्धा दर सायंकाळी कोट मागते आणि दाराची मूठ ओढते, हे परिचारिकेने ‘अस्वस्थ’ या एका शब्दात गुंडाळावे, की हरकत म्हणून तिच्याच शब्दांसह लिहून ठेवावे?